जॉन रे : झाडाझुडपांची पारख करणारा देवभक्त

मृगाचा पाऊस पडला म्हणजे आपल्या गांवच्या बांधावर, ओढ्याच्या कांठीं व माळावर नाना तऱ्हेचीं रोपें वर येतात. त्यांतील भाजीचें कोणतें, औषधाचें कोणतें आणि विषारी कोणतें, हें घरांतील वृद्ध स्त्रियांस ठाऊक असतें. परंतु तें कशावरून ओळखिलें असें विचारावें तर पाहिलें म्हणजे कळतें, एवढेंच उत्तर मिळतें. पाहूनच कळतें हें खरें; पण काय पाहावें? ज्यास कोणी दाखविणारा नाहीं, त्यानें अनोळखी रोपाचें नांव कोठून शोधावें? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यांत ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें, आणि ज्यानें सत्याकरितां आपली भाकरीही सोडली, अशा एका ख्रिस्ती पुरुषाचें चरित्र आज आम्ही आपल्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन रे याचा जन्म इंग्लंड देशांतील इसेक्स परगण्यांत ब्लॅक नॉटली नांवाच्या लहानशा खेड्यांत २९ नोव्हेंबर १६२७ रोजीं झाला. त्याचा बाप रॉजर हा गांवचा लोहार होता. आई एलिझाबेथ ही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दुखण्याखुपण्यांत झाडपाला देऊन मदत करीत असे. बापाच्या भात्याजवळ आणि आईच्या मुळ्यापाल्याजवळ हा मुलगा वाढला. घरीं पैसा नव्हता; पण मूल हुशार असल्यामुळें त्याला जवळच्या ब्रेनट्री गांवच्या शाळेंत घातलें, आणि १६४४ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, गरीब विद्यार्थ्यांकरितां ठेविलेल्या देणगीच्या आधारानें तो केंब्रिज येथील विद्यापीठांत गेला. पांच वर्षांनीं, म्हणजे १६४९ त, लोहाराचा हा मुलगा तेथील प्रसिद्ध ट्रिनिटी कॉलेजाचा फेलो झाला. पुढें ग्रीक भाषा व गणित हे विषय तो तेथें शिकवूं लागला. आमच्या मंडळ्यांतील जीं मुलें घरच्या धंद्याची लाज धरितात त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

ह्या सुमारास तो आजारी पडला. विश्रांतीसाठीं त्याला पुस्तकें बाजूला ठेवून रानांत पायीं व घोड्यावर फिरावें लागलें. वाटेनें चालतांना रोजच्या पायाखालच्या झाडाझुडपांकडे त्याचें लक्ष प्रथमच नीट गेलें. पानाची घडण, फुलाची रचना, एका रोपाहून दुसऱ्याचें वेगळेपण, हें पाहून तो थक्क झाला. त्यानें शिकविणारा शोधिला. पण एवढ्या मोठ्या विद्यापीठांत ही विद्या जाणणारा कोणी भेटला नाहीं. तेव्हां त्यानें स्वतःच शिकावयाचें ठरविलें. जुने ग्रंथ वाचावे, शेतांत जाऊन रोप शोधावें, ग्रंथांतील वर्णन व हातांतील रोप हीं ताडून पाहावीं, असा त्याचा क्रम पुष्कळ वर्षें चालला. ह्या श्रमाचें फळ म्हणून १६६० सालीं केंब्रिजच्या आसपास उगवणाऱ्या वनस्पतींची यादी त्यानें लॅटिन भाषेंत छापली. त्या काळीं अशी एक समजूत फार पसरली होती कीं, ज्या अवयवासारखें पान किंवा मूळ दिसतें त्या अवयवाचें तें औषध होय. ही समजूत रे साहेबांनीं खोटी ठरविली. एकाच अवयवाशीं न जुळणारीं शेंकडों पानें त्यांनीं पाहिलीं होतीं. मग ऐकीव गोष्टीवर ते विश्वास कसा ठेवितील?

त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. परंतु ही सेवा त्यांच्या हातीं फार दिवस राहावयाची नव्हती. इंग्लंडांत त्यापूर्वींच्या वर्षांत राजा व पार्लमेंट ह्यांच्यामध्यें मोठें युद्ध झालें होतें. त्या वेळीं, १६४३ सालीं, मंडळीची सुधारणा करूं व बिशपांचा अधिकार काढूं अशी एक शपथ पुष्कळ लोकांनीं देवासमक्ष घेतली होती. पुढें राजाचें राज्य परत आलें, आणि १६६२ च्या कायद्यानें पाळकांस व विद्यापीठांतील शिक्षकांस फर्माविलें कीं, ती शपथ कोणावरही बंधनकारक नाहीं असें लिहून द्यावें. नाहीं तर आपली जागा सोडावी. मुदत त्या वर्षाच्या २४ ऑगस्टपर्यंत होती.

आतां नीट ध्यानांत घ्या. रे साहेबांनीं ती शपथ स्वतः कधींच घेतली नव्हती. बिशपांच्या मंडळीशीं त्यांचें वैरही नव्हतें; पुढें मरेपर्यंत ते त्याच मंडळीच्या उपासनेस जात राहिले. त्यांनीं नुसती सही केली असती तर कोणी बोट दाखविलें नसतें. परंतु दुसऱ्या मनुष्यानें देवाला साक्षी ठेवून दिलेला शब्द रद्द झाला असें मीं कसें जाहीर करावें, हें त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीस पटेना. जें आपणांस खरें वाटत नाहीं त्याखालीं आपलें नांव लिहावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षीं कॉलेजची जागा, राहतें घर, उत्पन्न व उपदेशाचा चौरंग हीं सर्व सोडून ते बाहेर पडले. त्यानंतर पाळकाची जागा त्यांस पुनः मिळाली नाहीं.

देवानें त्यांस एक मित्र दिला होता. फ्रान्सिस विलुबी हा श्रीमंत तरुण पूर्वीं ट्रिनिटी कॉलेजांत विद्यार्थी होता. ह्या दोघांनीं मिळून ठरविलें कीं, देवाची सर्व सजीव सृष्टि नीट पाहून लिहून काढावी. वनस्पती रे साहेबांनीं घ्याव्या आणि पशु, पक्षी, मासे व किडे विलुबीनें घ्यावे. १६६३ त ते युरोपाच्या प्रवासास निघाले आणि हॉलंड, जर्मनी, इटली इत्यादि देश पाहत फिरले. रे साहेब १६६६ त परत आले व विलुबीच्या घरीं राहून काम करूं लागले.

येथें त्यांच्या हातून एक चूक घडली, आणि ती आम्ही लपवीत नाहीं, कारण तिच्यांतूनच पुढील मोठें काम निघालें. जॉन विल्किन्स नांवाचे एक विद्वान धर्माधिकारी जगांतील सर्व वस्तूंची वर्गवारी करून एक नवी भाषा बनवीत होते. त्यांनीं वनस्पतींचा तक्ता रे साहेबांकडे मागितला. पण अट अशी घातली कीं, तक्त्याचे वर्ग व पोटवर्ग आधींच ठरविलेल्या संख्येंत बसले पाहिजेत. देवानें रोपें कांहीं मोजलेल्या खणांत भरण्याकरितां उत्पन्न केलीं नाहींत. एका खणांत सात जाती मावत, दुसऱ्यांत चौदा उरत. कमी तेथें ओढून आणावें आणि अधिक तेथें कापावें, असें करून तो तक्ता पुरा झाला व १६६८ सालीं विल्किन्स यांच्या ग्रंथांत छापला. दुसऱ्याच वर्षीं ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॉरिसन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचे दोष चव्हाट्यावर मांडले. रे साहेबांना तर ते आधींच ठाऊक होते. सृष्टीच्या मागें न जातां दुसऱ्याच्या ठरावामागें आपण गेलों ह्याची आपणांस लाज वाटते, अशा अर्थाचें त्यांनीं एका मित्रास पत्रीं लिहिलें. ज्या मनुष्यानें १६६२ त खोट्या सहीपेक्षां दारिद्र्य पत्करिलें, त्याच्या हातून १६६८ त रोपांविषयीं एक असत्य तक्ता लिहिला गेला. ही बोच त्यांच्या मनांतून गेली नाहीं, आणि खरा तक्ता लिहिण्यास त्यांनीं पुढें चौदा वर्षें घेतलीं.

त्या चौदा वर्षांत दुःखही पुष्कळ झालें. १६७२ च्या जुलै महिन्यांत विलुबी अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं वारला. आपल्या मुलांस शिकविण्यासाठीं त्यानें रे साहेबांस दरसाल ६० पौंडांची नेमणूक ठेविली होती. पुढें जन्मभर त्यांचा मुख्य आधार तोच. मित्राचें अर्धवट राहिलेलें काम त्यांनीं आपलें मानिलें, पक्ष्यांवरील ग्रंथ १६७६ त व माशांवरील १६८६ त पुरा करून छापविला, आणि दोहोंवर नांव विलुबीचें घातलें. १६७३ त त्याच घरांतील मार्गारेट ओकली नांवाच्या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीचें चिटणीसपण त्यांस देऊं केलें होतें, तेंही त्यांनीं नाकारिलें. १६७९ सालीं आई वारली, तेव्हां तिच्यासाठीं ब्लॅक नॉटली येथें बांधिलेल्या लहान घरांत ते बायकोसह येऊन राहिले. ज्या लोहाराच्या गांवांतून ते निघाले होते तेथेंच परत आले, आणि त्यांचे मोठमोठे ग्रंथ त्याच खेड्यांत लिहिले गेले.

आतां त्यांनीं काय केलें हें सांगतों. त्यांची पहिली यादी अक्षरांच्या क्रमानें होती. तशा यादींत रोप शोधावयाचें तर त्याचें नांव आधींच ठाऊक असावें लागतें. आणि ज्यास नांव ठाऊक नाहीं त्यालाच तर यादीची गरज! म्हणून नांवापासून रोपाकडे न जातां, रोपाच्या अंगावरील खुणांपासून नांवाकडे जाण्याची वाट पाहिजे होती. अनोळखी शहरांत एखाद्याचें घर शोधतांना आपण आधीं पेठ विचारतों, मग आळी, मग घर. त्याप्रमाणें एकेक प्रश्न विचारीत, मोठ्या वर्गांतून लहान वर्गांत उतरत जावयाचें. रे साहेबांनीं १६८२ सालीं वनस्पतींच्या नव्या पद्धतीचा जो ग्रंथ छापला त्यांत असे उतरते तक्ते दिले आहेत. पुढें १७७८ सालीं फ्रान्समध्यें लामार्क नांवाच्या विद्वानानें दर ठिकाणीं दोनच वाटा ठेवून अशी ओळखीची किल्ली तयार केली, आणि वनस्पतींच्या पुस्तकांत आजही ती रीत चालू आहे.

ह्या वाटेवरील एक मोठा फाटा रे साहेबांनीं स्पष्ट करून दाखविला, आणि तो आमच्या वाचकांस आपल्या अंगणांत पाहतां येईल. हरभऱ्याचा, तुरीचा किंवा भोपळ्याचा दाणा घ्या. त्याचीं दोन दळें होतात. ज्वारीच्या किंवा मक्याच्या दाण्याचीं तशीं दोन दळें होत नाहींत. ते पेरून पाहा. भोपळ्याचें रोप वर येतांना दोन जाड दळें उघडतें. ज्वारीचा कोंभ एकच पान घेऊन सुईसारखा निघतो. मग पानें पाहा. पिंपळाच्या पानावर शिरांचें जाळें असतें. ज्वारी, ऊस व बांबू ह्यांच्या पानांत शिरा एकमेकींशेजारीं सरळ धांवतात. अशा रीतीनें बीजांतला भेद पानावरही उमटलेला दिसतो.

एवढें कळल्यावर पुढचे प्रश्न विचारा. दोन दळांचें रोप असून फूल फुलपांखरासारखें व फळ शेंग असेल, तर तें तूर, वाल, हरभरा ह्यांच्या घराण्यांतलें. फुलाला चारच पाकळ्या असून त्या क्रुसाच्या आकारानें बसल्या असतील, तर तें मोहरी व मुळा ह्यांच्या घराण्यांतलें. दांड्याच्या एकाच टोंकापासून छत्रीच्या काड्यांप्रमाणें पुष्कळ देंठ निघून त्यांवर बारीक फुलें आलीं असतील, तर तें कोथिंबीर, बडीशेप, ओवा, जिरें व गाजर ह्यांच्या घराण्यांतलें. हीं घराणीं रे साहेबांनीं आपल्या ग्रंथांत वेगळीं काढून दाखविलीं होतीं.

परंतु येथेंच ते एक इशारा देतात. एका खुणेवर भरंवसा ठेवूं नये. छत्रीसारखें फूल दिसलें म्हणून प्रत्येक रोप खाण्याजोगें होत नाहीं. त्याच घराण्यांत प्राण घेणारीं विषें आहेत. आयर्लंडांतील कांहीं मुलांनीं पाणथळ जागेंतील अशाच एका रोपाचीं मुळें खाण्याजोगीं समजून खाल्लीं व त्यांतील कित्येक मेलीं. तेथील एका वैद्यानें ती हकीकत रे साहेबांस कळविली आणि १६९८ त ती रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. रोप ओळखणें हा केवळ विद्वानांचा खेळ नव्हे, हें त्यावरून कळेल. म्हणून मूळ, कांड, पान, फूल, फळ व बीज हीं सर्व पाहावीं, आणि पुष्कळ खुणा एकत्र जुळतील तेव्हांच रोप त्या घराण्याचें समजावें, असें त्यांचें सांगणें होतें. फ्रान्समध्यें तुर्नफोर नांवाचे पंडित मुख्यतः फुलाच्या पाकळ्यांवरून वर्ग ठरवीत. रे साहेब गेल्यावर दोन वर्षांनीं जन्मलेला स्वीडन देशाचा लिनियस पुढें फुलांतील केसर मोजून वर्ग ठरवूं लागला. ती रीत सोपी असल्यानें फार चालली. पण केवळ संख्या जुळल्यामुळें परस्परांशीं नातें नसलेलीं रोपें तींत एकत्र आलीं. अखेर विद्वानांस पुष्कळ खुणांच्या वाटेकडेच परतावें लागलें. रे साहेबांचें सर्वच बरोबर होतें असें नव्हे. झाडें व लहान रोपें हा जुना भेद त्यांनीं तसाच ठेविला, तो चुकीचा होता. आणि गेल्या कांहीं दशकांत वनस्पतींच्या अनुवंशद्रव्याची तपासणी झाली, तींत एका दळाचा वर्ग खरें एक घराणें म्हणून टिकला, तर दोन दळांच्या वर्गाचे अनेक भाग पडले. असें झालें म्हणून ते रागावले नसते, असें आम्हांस वाटतें.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे वनस्पतींचा इतिहास. त्याचे तीन खंड १६८६, १६८८ व १७०४ ह्या सालीं निघाले, आणि त्यांत सुमारें १८,००० वनस्पतींचा समावेश आहे. जात कशाला म्हणावें ह्याची व्याख्याही त्यांनीं तेथें केली : एकाच रोपाच्या बीजापासून जीं रोपें होतात त्यांच्यांत रंगाचा व उंचीचा भेद पडला तरी त्यांची जात एकच. ह्या ग्रंथांत आपल्या देशाचाही वांटा आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड ह्यानें मलबारच्या वनस्पतींवर १६७८ पासून १६९३ पर्यंत बारा खंडांचा ग्रंथ छापविला. त्या कामांत मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन आणि कोंकणी बोलणारे रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट ह्यांनीं मदत केली होती. कोंकणी वैद्यांचा साक्षीचा दाखला पहिल्या खंडांत देवनागरी अक्षरांत छापला आहे. त्या ग्रंथांतील वर्णनें रे साहेबांनीं आपल्या ग्रंथांत घेतलीं. अशा रीतीनें मलबारच्या वैद्यांचें ज्ञान इसेक्सच्या खेड्यांतील लोहाराच्या मुलाच्या मेजावर पोंचलें.

उपदेशाचा चौरंग गेला, पण उपदेश गेला नाहीं. केंब्रिजच्या मंदिरांत तरुणपणीं त्यांनीं जीं व्याख्यानें दिलीं होतीं त्यांवरून त्यांनीं १६९१ सालीं एक पुस्तक केलें व सृष्टीच्या कार्यांत प्रकट झालेलें देवाचें ज्ञान तींत वर्णिलें. त्या पुस्तकाच्या आवृत्त्या एकामागून एक निघाल्या. मंदिरांत थोड्यांनीं ऐकलेलें आतां हजारोंनीं वाचलें.

त्यांस चार मुली झाल्या. बापासाठीं त्या रानांतून सुरवंट व फुलपांखरें आणीत, कारण म्हातारपणीं रे साहेबांनीं किड्यांचा ग्रंथ हातीं घेतला होता. जुळ्या मुलींपैकीं मेरी १६९८ च्या जानेवारींत, वयाच्या चौदाव्या वर्षीं, वारली. हजारों वनस्पतींचे गुण ज्यानें लिहून काढले त्याच्या लेकरास कोणतीही वनस्पति वांचवूं शकली नाहीं. तें दुःख त्यांस फार लागलें. तरी देवावरील भाव ढळला नाहीं. त्यांच्या स्वतःच्या पायांस चिघळलेल्या जखमा झाल्या होत्या; शेवटीं शेवटीं चालवत नसे. ज्याचे पाय इंग्लंडच्या वाटा तुडवीत फिरले तो खोलींत खिळून बसला, पण लेखणी थांबली नाहीं. १७ जानेवारी १७०५ रोजीं त्यांनीं आपल्या त्याच घरीं देह ठेविला. ब्लॅक नॉटलीच्या मंदिराच्या आवारांत त्यांस पुरिलें आहे. किड्यांचा ग्रंथ त्यांच्या मागें १७१० त निघाला.

प्रिय वाचकहो, ह्या चरित्रावरून आम्ही एकच गोष्ट आपल्या मनावर ठसवूं इच्छितों. कायद्याच्या कागदावर खोटें लिहावयाचें नाहीं आणि गवताच्या काडीविषयींही खोटें लिहावयाचें नाहीं, ह्या दोन गोष्टी त्या मनुष्याच्या ठायीं वेगळ्या नव्हत्या. जेथें एकदां चूक झाली तेथें त्यानें ती कबूल केली व श्रमानें दुरुस्त केली. आम्ही उपदेशक मंडळी पुष्कळदां उलट करितों. मंडळींत नवा जिज्ञासू आला कीं त्याच्या एका खुणेवरून, त्याच्या आडनांवावरून, वस्त्रांवरून किंवा एखाद्या जुन्या पापावरून, त्याला आम्ही आमच्या आधींच केलेल्या खणांत टाकतों. मूळ, पान, फूल, फळ पाहण्यास थांबत नाहीं. प्रभूनें झाड फळावरून ओळखावयास सांगितलें, आणि फळ यावयास ऋतु लागतो.

शाळा चालविणाऱ्या बंधुभगिनींस आमची आणखी एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यांत एखाद्या शनिवारीं मुलांस बांधावर न्या. प्रत्येकास एक अनोळखी रोप आणावयास सांगा. मात्र कोणतेंही तोंडांत घालूं देऊं नका. मग विचारा : शिरांचें जाळें आहे कीं सरळ रेघा? पाकळ्या किती? देंठ कोठून निघाले? नांव शेवटीं सांगा. आधीं पाहूं द्या. रानांतील फुलांकडे नीट लक्ष द्या असें आपल्या प्रभूनें शिष्यांस सांगितलें होतें. ती आज्ञा आमच्यापैकीं किती जणांनीं खरोखर पाळिली आहे, हा प्रश्न आम्ही आधीं स्वतःस विचारितों, आणि मग तुम्हांस.